‘एवढ्याशा डब्ब्यात काय राहते?’

पत्र : सर, नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात. मुलगी पुण्याला नोकरीवर आहे, तिनं दोन वर्षांआधी मायक्रोवेव्ह पाठवला. दिवाळीपासून तो बिघडला. प्लेट फिरते, आतला लाइट लागतो, आवाजही येतो, पण भाजी थंडच. सकाळी कधीमधी थोडीशी कोमट होते, संध्याकाळी बिलकूल नाही. आमचे मिस्टर पंचवीस वर्षांपासून मोटरी दुरुस्त करतात, गावातल्या निम्म्या विहिरींवर त्यांचाच हात फिरला आहे. ते म्हणतात, ‘साडेसातची मोटर खोलतो मी, एवढ्याशा डब्ब्यात काय राहते?’ मोबाइलवर व्हिडिओ लावून स्क्रू काढायलाच बसले होते, मी पक्कड लपवून ठेवली. पुतण्या आयटीआय करतो. तो म्हणतो, नाहीच सुधरला तर आतला ट्रान्सफॉर्मर मला द्या, मी वेल्डिंग मशीन बनवतो. आणि सासूबाईंचं वेगळंच. बरं झालं बिघडला म्हणतात, त्यातलं अन्न किरणांचं असते. घरात मी एकटीच भांडतो आहे. माझं चुकते का?

उत्तर :

ताई, पक्कड लपवली ते बेस केलं. आता स्क्रू ड्रायव्हरही लपवा आणि हे उत्तर मिस्टरांच्या हाती द्या, कारण यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

भाऊ, मी आयुष्यभर पोरांना वायरमनचं काम शिकवलं. तेव्हा ‘तुम्हाला जमणार नाही’ असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटते ती तुम्हाला जमतं म्हणूनच. ज्याला काही येत नाही तो घाबरून हात लावत नाही. तुमच्या हाताला मात्र पंचवीस वर्षांच्या सवयी आहेत आणि त्या सगळ्या २३० आणि ४४० व्होल्टवर घडलेल्या. या डब्यात त्यातली एकही कामाची नाही, दोन-तीन तर उलट्या अंगावर येतात.

आत काय राहते ते आधी सांगतो. गावाबाहेरची डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करून देते, हे तुम्हाला माहीत आहे. या डब्यात तिची उलटी बहीण बसली आहे. ती भिंतीतले २३० घेते आणि दोन हजारांच्या आसपास नेऊन ठेवते. पुढे एक डायोड आणि एक कंडेन्सर मिळून तो दाब, म्हणजे व्होल्टेज, चार हजारांच्या घरात पोचवतात आणि मॅग्नेट्रॉन नावाच्या मुठीएवढ्या वस्तूला देतात. अन्न गरम करणाऱ्या लहरी तिथून निघतात. नवीन इन्व्हर्टरवाल्या मॉडेलमध्ये मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी सर्किटची पाटी असते, दाब तेवढाच. डीपीचा डीओ, म्हणजे वरचा फ्यूज, उडाला तर तुम्ही लाइनमनची वाट पाहता. (पाहत नसाल तर त्यावर एक दिवस वेगळं रागवावं लागेल.) मग हीच गोष्ट पांढऱ्या रंगाच्या पत्र्यात घालून ओट्यावर ठेवली की तिची भीती का जाते?

आता सवयी. मोटरीचं काम करताना तुम्ही पायात रबरी चप्पल घालता, घरी असलात तर लाकडी पाटावर उभे राहता. करंट अंगातून जमिनीत जायला वाट शोधतो आणि पाटानं ती वाट बंद होते, एवढं साधं गणित. मायक्रोवेव्हमध्ये हे गणित चालत नाही. त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन हजारवाल्या गुंडाळीचं एक टोक मुद्दाम बॉडीला जोडलेलं असतं. म्हणजे परतीची वाट जमिनीतून नाही, पत्र्यातूनच आहे. डाव्या हातानं तुम्ही डबा धरला आणि उजव्या हाताचं बोट चुकून दुसऱ्या टोकाला लागलं, की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो आणि पत्र्यातून परत फिरतो. जमिनीचा संबंधच आला नाही. पाट असो, चप्पल असो, काही फरक पडत नाही.

आणि बोर्डावर ईएलसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लावला असेल तर त्याचाही भरवसा धरू नका. तो फेज आणि न्यूट्रलमधला फरक बघतो. हा सगळा खेळ ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे चाललेला असतो, त्याला तो दिसतच नाही. माणूस चिकटलेला असतो आणि त्याच्या दृष्टीनं डबा नेहमीसारखा भाजी गरम करतो आहे. एमसीबीचंही तेच.

तुमच्या खिशातला टेस्टर काढा आणि त्याच्या दांडीवर काय लिहिलं आहे ते वाचा. ५०० व्होल्ट. त्यातला नियॉनचा दिवा तुमच्या अंगातून करंट घेऊनच लागतो. आत एक रेझिस्टन्स असतो, तो करंट मुंगी चावण्याइतका ठेवतो, पण तेवढ्याच दाबापर्यंत. दोन-चार हजारांवर तो टेस्टर राहत नाही, नुसती सळई राहते. साधा मल्टिमीटर ६०० किंवा १००० पर्यंतचा. तो आत लावून ‘किती येते पाहू’ म्हणणं म्हणजे मीटर हातातच फोडून घेणं.

आता कंडेन्सर. सिंगल फेज मोटरीचा कंडेन्सर तुम्ही किती वेळा दोन्ही तारा टेकवून ‘फट्ट’ केला असेल त्याची गणती नसेल. म्हणून प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेला राहतो हे तुम्हाला शिकवायला नको. मायक्रोवेव्हचा कंडेन्सर मोटरीच्यापेक्षा लहान, एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा, पण त्याच्या अंगावर २१०० व्होल्ट छापलेलं असतं. बहुतेकांच्या आतच एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. प्लग काढल्यावर तो हळूहळू कंडेन्सर रिकामा करतो. तो ठीक असेल तर मिनिटाभरात काम झालं. जळालेला असेल तर कंडेन्सर तसाच भरून बसतो आणि बाहेरून बघून दोघांत काहीच फरक कळत नाही. व्हिडिओत तो पोरगा प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाखवतो ना, त्याची मूठ २३० साठी बनवली आहे. आणि ठिणगी निघाली नाही तर कंडेन्सर रिकामा होता की टोक नीट लागलंच नाही, हे तो सांगत नाही. त्यालाही ते कळलेलं नसतं.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. मोटरीत फॉल्ट सापडला नाही की आपण काय करतो? उघड्यावरच चालू करून बघतो, कुठून आवाज येतो, कुठं तापते. मायक्रोवेव्हचं कव्हर काढून तसं केलं तर कंडेन्सरमध्ये उरलेल्या करंटशी नाही, ट्रान्सफॉर्मरच्या ताज्या दोन हजारांशी गाठ पडते.

तुम्हाला वाटेल मास्तर घाबरवतात. म्हणून माझाच किस्सा सांगतो. १९९० च्या आसपास मी संध्याकाळी टीव्ही दुरुस्त करायचो, पगाराला जोड म्हणून. जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असायचे आणि टीव्ही बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये राहायचे. एकदा घाईत मी रबरी टोपीखाली बोट घातलं. हात असा मागं उडाला की कोपर मागच्या काचेच्या कपाटात गेलं आणि सात टाके पडले. विजेनं मारलं नाही, कपाटानं मारलं. त्यानंतर बरीच वर्षं मी तो किस्सा शान मारत सांगायचो, की आपण पंचवीस हजार खाल्लेला माणूस. मग एका जुन्या मेकॅनिकनं मला समजावलं. टीव्हीतला दाब मोठा होता, पण त्याच्यामागं ताकद नव्हती, एक फटका देऊन तो संपायचा. मायक्रोवेव्हमध्ये दाब टीव्हीच्या दहाव्या हिश्श्याचा, पण मागं हजार-बाराशे वॅट उभे. तो फटका देऊन सोडत नाही, धरून ठेवतो. त्या दिवसापासून शान मारणं बंद झालं.

दाराचा विषय राहिला. दाराच्या खाचेमागं आत तीन लहान स्विच असतात. दोन स्विच दार उघडं असताना मशीन चालू देत नाहीत. तिसऱ्याचं काम गमतीचं आहे : पहिले दोन चिकटून बसले आणि दार उघडलं, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. आता आपली गावाकडची रीत काय? फ्यूज उडाला की बोर्डावरच्या किटकॅट फ्यूजमध्ये टाकतो तशी एक तार टाकायची, आणि स्विच त्रास देत असेल तर डायरेक्ट करायचा. दोन्ही केलं की मशीन दार उघडं असतानाही चालू राहू शकतं. मग लहरी भाजीला लागतात तशाच समोरच्या माणसाला लागतात. डोळ्यातलं भिंग आतून तापतं, त्यात रक्त फिरत नाही म्हणून ते थंडही होत नाही आणि दुखलं तरी उशिरा कळतं. ताई, ओट्यासमोर तोंड करून तुम्हीच उभ्या असता, हे भाऊंना ठासून सांगा.

इतकं रागावून झालं. आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडकलो ते सांगतो : ‘सकाळी थोडीशी कोमट होते, संध्याकाळी बिलकूल नाही’, आणि ‘दिवाळीपासून’. दिवाळीनंतर आपल्याकडे काय सुरू होतं? हरभरा आणि गव्हाचं पाणी. गावठाण आणि शेतीच्या मोटरी एकाच डीपीवर असतील तर मोटरी सुरू झाल्या की घरातला व्होल्टेज खाली बसतो. पंखा हळू फिरतो, ट्यूब फडफडते. आणि मॅग्नेट्रॉनचं असं आहे की ठरावीक दाबाच्या खाली तो थोडं कमी गरम करत नाही, जवळजवळ कामच सोडतो. प्लेट फिरायला आणि दिवा लागायला मात्र १७० व्होल्टही पुरतात. म्हणजे तुमचा मायक्रोवेव्ह कदाचित बिघडलेलाच नाही.

हे शोधायला डबा खोलावा लागत नाही आणि इथं मिस्टरांची पंचवीस वर्षं खरंच कामाला येतात. त्यांनी मल्टिमीटर घेऊन त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजावा, मायक्रोवेव्ह चालू असताना. एकदा सकाळी अकराला, एकदा संध्याकाळी सातला. दोन्ही वेळी २०० मिली पाणी, म्हणजे चहाचे दोन कप, एका चिनी मातीच्या मगात ओतून पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा. धडधाकट मशीन त्याला उकळीच्या जवळ नेतं. (मग लगेच हलवू नका. कधी कधी पाणी शांत दिसतं आणि धक्का लागला की उसळतं.) सकाळी २२५ व्होल्ट आणि कडक वाफ, संध्याकाळी १८० आणि कोमट पाणी, असं आलं तर मशीनला हात लावायची गरजच नाही. मग एक तर चांगला दोन-तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर, नाही तर संध्याकाळी गॅसवर भाजी गरम. सकाळी २२५ असूनही पाणी थंडच राहिलं, तर दोष आत आहे. डायोड, कंडेन्सर, मॅग्नेट्रॉन, दाराचा स्विच, काहीही असू शकतं आणि तिथं आपला रस्ता संपला.

मोजतामोजता सॉकेटही बघा. लाल डब्याच्या एक्स्टेन्शनवर मायक्रोवेव्ह लावला असेल तर आधी ते काढा. लहान मायक्रोवेव्हसुद्धा बाराशे-तेराशे वॅट ओढतो, त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि भिंतीतलं सॉकेट पाहिजे. प्लगची जाड पिन, तिसरी, कुणी सोयीसाठी कापून तर टाकली नाही ना? आणि भाऊ, अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते आणि मे महिन्यात बोटभर फाटते. सळईच्या आजूबाजूला नुसती हवा उरते, कागदावर अर्थिंग असतं आणि जमिनीत नसतं. फेज आणि अर्थमध्ये मीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये येतो तेवढाच आकडा जवळपास आला पाहिजे. आला नाही तर खड्ड्यातला कोळसा आणि मीठ बदला आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. हे काम तुम्ही केलं तर त्या घरातल्या फ्रिज, कूलर, मिक्सर सगळ्यांचं भलं होईल. कूलरनं आपल्याकडे दर उन्हाळ्यात जीव जातात, ते तुम्हाला सांगायला नको.

घरी करण्यासारखं आणखी थोडं आहे. कव्हर न काढता, प्लग काढून. आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा पत्रा असतो, त्यावर तेल उडून जळलं की ठिणग्या उडतात. तो ओल्या फडक्यानं पुसा. भोक पडलं असेल तर त्या मॉडेलचा नवा मिळतो, महाग नसतो. दाराची कड आणि रबर खरकटं न ठेवता स्वच्छ ठेवा. बटणंच चालत नसतील तर आधी चाइल्ड लॉक बघा. शंभर किलोमीटरवरून मेकॅनिक येऊन तीन सेकंद एक बटण दाबून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला, असं माझ्याच नात्यात झालं आहे.

पुतण्याला सांगा, ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही. वेल्डिंग मशीन करायला त्याची दोन हजारवाली गुंडाळी कापून काढावी लागते आणि तिथंपर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी ‘चालते का’ म्हणून प्लग लावून बघतो. हाच ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेच्या झाडासारखी नक्षी जाळायची टूम मध्यंतरी व्हिडिओंतून पसरली. अमेरिकेत त्यात इतक्या हौशी माणसांचे जीव गेले, की तिथल्या वूडटर्नर्सच्या संघटनेनं २०१७ साली आपल्या कार्यक्रमांत तिला बंदी घातली. पोरगं हुशार दिसतं. त्याला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मास्तरांसमोर काय करायचं ते करू द्या. भंगारवाल्याकडेही डबा तसाच द्यायचा, तांबं वेगळं काढून चार पैसे जास्त घ्यायच्या नादात नाही.

दोष आतलाच निघाला तर आधी वॉरंटी कार्ड शोधा. यंत्राची वॉरंटी संपली असली तरी काही कंपन्या मॅग्नेट्रॉनवर जास्त वर्षं देतात. मुलीनं पुण्यात घेतला म्हणून पुण्यातच न्यावा लागतो असं नाही. कंपनीच्या नंबरवर गावाचं नाव आणि पिनकोड सांगितला की जवळचं केंद्र कळतं, बहुधा वर्धा नाही तर नागपूर. मेकॅनिक गावात यायला आठ दिवस लावत असेल तर डबा तुम्ही न्या, पण मोटरसायकलच्या कॅरियरवर नको. मॅग्नेट्रॉनमधलं चुंबक काचेसारखं ठिसूळ असतं, आपल्या रस्त्यांवर त्याचे तुकडे पडायला वेळ लागत नाही. काचेची प्लेट वेगळी कागदात गुंडाळा, दाराला चिकटपट्टी लावा, खाली गोधडी अंथरून डबा उभाच ठेवा. दुरुस्ती झाल्यावर जुना पार्ट परत मागा आणि दाराजवळ लहरींचं लीकेज मोजलं का ते विचारा. नीट मेकॅनिक राग मानत नाही, दाखवतो.

एक गोष्ट देवाच्या कृपेनं कधी लागू नये, पण घरात सगळ्यांना माहीत असू द्या. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी प्लग किंवा मेन स्विच. मग १०८. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, गाडी येईपर्यंत. आणि झटका खाऊन माणूस उठून ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायचा. हृदयाचा ठोका पुढं काही तासांनीही चुकू शकतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ते किरण एक्स-रेसारखे नाहीत, रेडिओच्या लहरींचेच भाऊबंद आहेत. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच मशीन बंद झालं की भाजीत काही उरत नाही. पाटवडीचा रस्सा चुलीवरच चांगला लागतो असं त्या म्हणत असतील, तर ते मात्र मला मान्य आहे.

सकाळी अकराचा आणि संध्याकाळी सातचा व्होल्टेज मला कळवा. सातचा आकडा १९० च्या आत आला, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी मिस्टरांना लाइनमनकडे पाठवा.